इथल्या बाजाराचा माल

निफाडजवळच्या आमच्या मळ्यात रस्त्याच्या अलीकडे एक्स्पोर्टची द्राक्षबाग आहे आणि पलीकडे लोकलची. माती तीच, पाणीही एकाच विहिरीचं. फरक फवारणीचा. अलीकडे कोणतं औषध मारायचं आणि त्यानंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे सगळं ठरलेलं. लॅबचा रिपोर्ट चांगला आला तरच कंटेनर भरतो. पलीकडे मात्र आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कारभार. रोग दिसला की औषध मारायचं आणि व्यापारी आला की दुसऱ्या दिवशीसुद्धा माल तोडायचा. यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

गेल्या हंगामात हॉलंडहून खरेदीदार बाई बाग बघायला आल्या. तोवर आमचा माल दुसऱ्याच्या नावाने जायचा. आता स्वतःच्या नावाने पाठवायचा होता आणि सगळं या भेटीवर अडलं होतं. आईने त्यांना ओवाळलं. दुभाष्याचं काम माझ्याकडे.

बाग बघून झाल्यावर बाई आपणहून रस्ता ओलांडून गेल्या आणि पलीकडच्या घडाचे दोन मणी त्यांनी तोडले. गुडघे धरून चालणारे आबा चक्क धावले.

"बाई, ते नका खाऊ. परवाच औषध मारलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग त्यांना, हा इथल्या बाजाराचा माल हाय. तुमच्याकडं येतो तो नाय."

मी सांगितलं. बाईंनी विचारलं, मग हे खातं कोण?

तेही मी आबांना सांगितलं.

"आपलीच लोकं की," आबा हसून म्हणाले. पाहुणीला वाचवल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता, लबाडी जराही नव्हती. मला मात्र भुईत गडप व्हावंसं वाटलं. इथले नियम वेगळे आहेत, असं काहीतरी मी इंग्रजीत पुटपुटलो.

जाताना बाईंनी ऑर्डर पक्की केली. तुमचे वडील आमच्या ग्राहकांची इतकी काळजी घेतात हे फार आवडलं, असं म्हणाल्या. मी आभार मानले, पण त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

आठवड्याने नाशिकहून बहिणीचा फोन आला. द्राक्षं स्वस्त झालीत, पोरं दिवसभर तोंडात टाकतायत, असं ती कौतुकाने सांगत होती. शेजारी बसलेल्या आबांनी विचारलं, "काय म्हणते?" मी सांगितलं.

सकाळी त्यांनी अलीकडच्या बागेतली एक पेटी माझ्यापुढे ठेवली. "तिला देऊन ये. म्हणावं, बाजारातली नको आणू." मी पेटी गाडीत ठेवली. रस्त्यापलीकडे व्यापाऱ्याची माणसं क्रेट भरत होती. त्यांना जायला वाट हवी होती, म्हणून मी गाडी थोडी बाजूला घेतली.