दोन पोस्टकार्डं आणि आभाळाची पट्टी

दुष्काळाच्या साली उमरग्याला बसस्टँडमागं एक फोटो स्टुडिओ होता. तिथल्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. मी शाळामास्तर. उसन्या कॅमेऱ्यानं थंडीतल्या सकाळी धुक्यातल्या रानाचा फोटो काढला होता, पण तो मला भकास वाटत होता, म्हणून त्याला दाखवायला नेला.

त्यानं फोटोवर वर-खाली दोन जुनी पोस्टकार्डं ठेवली आणि कुठवर कापायचं ते बघत सावकाश सरकवत राहिला. वरचं पोस्टकार्ड बाभळीच्या शेंड्यापाशी थांबलं.

"आभाळ लई झालंय, गुरुजी. दोन सालं त्याच्याकडंच बघतोय आपण. जरा जमिनीकडं बघा."

तेव्हा कुठं मला बाभळीखाली काटक्या वेचणारी बाई दिसली. फोटो काढताना ती माझ्या ध्यानातही आली नव्हती.

कात्री पँटीला पुसून त्यानं आभाळ कापलं. पट्टी मात्र टाकली नाही, पाकिटात घालून दिली. "असू द्या. पाऊस झाला की लावू परत."

पुढच्या साली पाऊस चांगला झाला. हिवाळ्यात मी पट्टी घेऊन गेलो. मला त्यानं ओळखलं नाही, पट्टी लगेच ओळखली. ती उजेडात धरून बराच वेळ बघितली आणि परत माझ्या हातात दिली.

"हे आभाळ कोरडंच हाय," तो म्हणाला. "नवं काढून आणा."