उखळावरचा पाला

भागीबाईला कुणी काही विचारलं की ती आधी विचारणाऱ्याचे पाय बघायची. पाय अनवाणी असले किंवा चपलेत असले तर माणूस आपला. बूट असले तर फॉरेस्टवाला, नाहीतर पोलीस, नाहीतर त्यांनी पाठवलेला कुणीतरी. बुटासाठी तिचं एकच उत्तर होतं, "नाय बा. मला काय म्हाईत नाय."

ही खोड तिला उगाच लागलेली नव्हती. पेठच्या अंगाला, डोंगराच्या उतरणीवर तिच्या सासऱ्यानं रानाचा एक तुकडा साफ केला होता. त्यात नागली व्हायची, वरई व्हायची, आणि त्यावरच घर खायचं. पण जमीन फॉरेस्टची. गार्ड चढताना दिसला की औत झुडपात आणि माणसं ओढ्यात. एकदा तिचा नवरा भिका भोळेपणानं बोलून गेला, "व्हय साहेब, मीच पेरतो." त्या एका 'व्हय'पायी औत गेलं, बैल गेले, आणि भिका नाशिकच्या तुरुंगात राहून आला. पुढं मरेस्तोवर तो बायकोला एकच सांगत राहिला, "भागे, व्हय म्हनू नको."

तिनं म्हटलं नाही. त्या तुकड्यावर माणसाचा हात फिरल्याची खूणच ठेवली नाही तिनं. बांध घातला नाही, आंबा लावला नाही, राखणीची खोपटी केली ती सुगी सरताच मोडली. एकच गोष्ट तिला मोडता येईना. मधल्या कातळात वरई कांडायचं उखळ होतं. आधी सासूनं, मग तिनं मुसळ मारमारून ते कोपरभर खोल नेलेलं. कांडून झालं की भागीबाई त्यात पाला कोंबायची, वर काटक्या रचायची. एकदा तर गार्ड त्याच ढिगावर बसून बिडी ओढत तिला विचारत होता, "इथं पेरतं कोण गं?" ही शेळ्या हाकत म्हणाली, "म्हाईत नाय बा."

तिचा पोरगा हिरामण आश्रमशाळेत शिकला, कॉलेजात गेला आणि मग साहेबाची परीक्षा द्यायची म्हणून नाशिकला पेठ रोडला खोली घेऊन राहिला. सोबतीला सटाण्याकडचा ललित होता, तोही तीच परीक्षा देणारा. भागीबाई दरसाल द्राक्षाच्या कामाला निफाडकडं जायची आणि येताना त्यांच्या खोलीवर टेकायची.

दोन हजार आठचं साल. ती अशीच निफाडहून आली आणि दम खायला दाराबाहेर बसली. आत ललित साहेबाच्या आवाजात विचारत होता, "वनहक्क कायद्याबद्दल तुमचं मत काय?"

आणि तिचा हिरामण, तिच्या पोटचा, सांगत होता, "सर, जंगलावरचं अतिक्रमण हा गंभीर प्रश्न आहे. सरसकट जमिनी दिल्या, तर उद्या जंगल उरणार नाही. शिवाय खोटे दावे येतील."

अतिक्रमण. बाकीचं तिला अर्धं समजलं, पण हा शब्द तिच्या चांगला ओळखीचा होता. भिकाला नेलं त्या दिवशी फॉरेस्टवाल्यांनी हाच वापरला होता.

ती आत गेली तशी दोघं उठले. ललित म्हणाला, "मावशी, बसा ना. तुमना पोऱ्या लय हुशार शे."

"दिसतंय की," भागीबाई म्हणाली. तिनं द्राक्षं पुढं ठेवली आणि पोराच्या पायाकडं पाहिलं. काळे, नवेकोरे बूट. मुलाखतीसाठी घेतलेले.

चहा तेवढा प्यायली आणि पहिल्या गाडीनं निघाली.

पुढं वैशाखात हिरामण घरी आला. नवीन कायदा आलाय, गावाची समिती पाहणीला येणार, आपण इथं कसतो असं खुल्लं सांगायचं, म्हणजे जमीन आपल्या नावावर होईल. त्यानं नाना परीनं समजावलं.

"म्हंजी कालपतूर व्हय म्हनला त्येला कोंडत व्हते, आन आता नाय म्हनला त्येची जमीन जानार?"

"व्हय आये. तसंच हाय."

"आन ह्ये तुला कोनी सांगाया लावलं?"

"कोनी नाय. अभ्यासातच हाय आमच्या."

"अभ्यासात काय हाय त्ये ऐकलंय म्या," ती म्हणाली आणि शेळ्या सोडायला निघून गेली.

समिती आली. पुढं पाड्यावरचा वाळू, जो शेजारचा तुकडा कसायचा, मागं चार-दोन गावकरी आणि तोच जुना गार्ड. वाळूनं विचारलं, "भागीवैनी, सांग. ह्ये रान कोन कसतं?"

भागीबाईनं गार्डाच्या बुटांकडं पाहिलं. मग हिरामणच्या.

"मला काय म्हाईत नाय. मी शेळ्या चारते."

वाळूला ठसका लागला. इतकी सालं तो तिला बांधाला बांध लावून पेरताना बघत होता. फक्त बांध नव्हता. गार्ड मात्र खुशीत आला. "बाईच नाय म्हणते. मग पुढं चला."

हिरामणनं आईला सागाच्या झाडामागं ओढलं. "आये, काय केलंस ह्ये? ह्यो तुकडा जाईल आपला."

"जाईल कसा? तू हाईस ना त्येंच्याकडून. जंगल उरनार नाय म्हनत व्हतास. खोटं दावं येत्याल म्हनत व्हतास."

हिरामणच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग तो कपाळाला हात लावून म्हणाला, "ती खोटी मुलाखत व्हती गं. सराव. तिथं दोन्ही बाजू बोलाव्या लागत्यात. म्होरं मी आपलीबी सांगितली. तू ऐकलीच नाय."

"दोन्ही सांगितल्या. त्यातली तुझी कंची?"

"साहेबाला बाजू नसती, आये."

"बाजू नसती म्हनतोस, आन बूट तर त्येंचेच घातलेस."

हिरामणनं झाडाआडून गार्डाकडं पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "खरं सांगू? म्यासुदिक त्या गार्डापुढं तोंड उघडलं नाय. म्या कबूल केलं आन दावा फेटाळला, तर उद्या गुन्हा माझ्या नावावर. नोकरीला पोलीस चौकशी असती."

"म्हंजी तुलाबी भ्या वाटतंय."

"वाटतंय."

नाशिकहून आल्यापासून पोराचं हे पहिलंच बोलणं भागीबाईला खरं वाटलं. भीती तिच्या चांगल्या ओळखीची होती. ती कुणी शिकवून येत नाही.

"मंग?" ती म्हणाली.

हिरामणनं खाली बसून बूट काढले, ते सागाच्या फांदीला अडकवले आणि ढेकळं तुडवत समितीपुढं जाऊन उभा राहिला. "लिहा. हे शेत आम्ही कसतो. आजाच्या वेळेपासून. मी स्वतः इथं नांगर धरलाय. हिरामण भिका भोये."

गार्ड म्हणाला, "साहेब व्हायचंय ना रे तुला? नीट विचार कर."

"केलाय. लिहा."

"बोलून काय व्हतंय? खूण कुठाय?"

तेव्हा भागीबाई कुणाशी काही न बोलता कातळाकडं गेली. पायानं काटक्या उडवल्या, वाकून कुजका पाला उपसला. वाळूनं आत हात घातला तो कोपरापर्यंत गेला. "ह्ये काय एका पिढीचं कांडन नाय," तो म्हणाला. आपण बिडी ओढत बसलो होतो तो ढीग गार्डानं ओळखला असावा. तो आत बघायला पुढं झाला, आणि तसाच उभा राहिला.

समितीनं मोजणीला टेप लावला, सह्या-अंगठे घेतले आणि मंडळी पुढच्या तुकड्यावर गेली. पाठ फिरताच भागीबाई उखळात पुन्हा पाला कोंबायला लागली.

"आता कशापायी झाकतेस?" हिरामण म्हणाला. "लिहून नेलंय त्यांनी."

"नेलंय. दिलंय काय?"

हिरामणच्या अभ्यासात हा प्रश्न नव्हता.

"हुबा काय ऱ्हायलास?" भागीबाई म्हणाली. "आजून थोडा पाला आन. आन त्ये बूट ऱ्हाऊ दे तिथंच."