पानावरचा मावा
माव्याचे किडे पडलेलं कपाशीचं चिकट पान बोटाला लागलं, की आजही मला तो दिवस आठवतो. नव्या बियाण्याचं आमचं ते पहिलंच वर्ष. चिखलीच्या दुकानदारानं सांगितलं होतं, "बाई, औषध झाडातच हाये. पान खाल्लं की बोंडअळी मेलीच समजा." सातवी शिकलेली मी, माझ्याएवढं शहाणं घरात कोणी नव्हतंच! निंदता निंदता मागं पाहिलं, तर बांधावर बसवलेली माझी दीड वर्षाची लेक कपाशीचं पान चघळत होती. ओठ हिरवे, हनुवटी चिकट. हातातलं खुरपं टाकून धावले. तिच्या घशात बोट घातलं, ती किंचाळली, अन् मी तिच्याहून मोठ्यानं. तिला काखेत मारून एका चपलेवर सडकेकडे पळत सुटले, दवाखान्याला जायची जीप गाठायला. सासू आडवी आली. "काऊन बोंबलून राह्यली वं?" "मामी, पोरीनं औषधाचं पान खाल्लं! मरते आता थे!" सासूनं पोरीच्या मुठीतलं अर्धं पान सोडवून उलटं केलं. खाली मावा नुसता वळवळत होता. "अवं शाहणे, हे इत्तुसे किडे याच पानाचा रस पिऊन राह्यले. थे नाही मेले, तं तुही एवढी धष्टपुष्ट पोरगी कशी मरन?" तरी संध्याकाळपर्यंत मी पोरीपेक्षा त्या माव्याकडेच पाहत बसले. शेतकऱ्याची बायको असून देवाला हात जोडत होते, की यातला एकही किडा मरू देऊ नको. परवा तीच लेक सांगत होती, आता मावाही मरेल असं कपाशीचं बियाणं काढून राह्यले म्हणे. काढा बापा, चांगलंच आहे. पण मग माझ्यासारख्या बावळट आईनं धीर धरायचा तो कोणाकडे पाहून?