मोजणारा एकच

सोनालीला राग यायला वेळ लागत नाही, जायला मात्र फार लागतो. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातली ही पोरगी सोलापुरात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत वेब ॲप्स बनवते. बोलायला कमी, पण एखादी गोष्ट मनात धरली की धरली. इंद्रजीतचं एक वाक्य तिनं असंच धरून ठेवलं होतं.

इंद्रजीत तिचा सीनियर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं ॲप करायचं काम कंपनीला मिळालं, तेव्हा त्याची मांडणी सोनालीनं केली. पडद्याचे सुटे तुकडे पाडले: साठा दाखवणारा एक, पाठवणीची नोंद घेणारा एक, ऑर्डरींचा एक. या धंद्यात त्यांना कंपोनंट म्हणतात. गोदामात माल किती, हा आकडा मात्र तिनं सगळ्या तुकड्यांच्या वर एकाच जागी ठेवला. तो वरून खाली येणार, खालच्यांनी फक्त दाखवायचा. गठ्ठा बाहेर गेला की पाठवणीच्या तुकड्यानं वर कळवायचं. वर आकडा बदलला की खाली सगळीकडं आपोआप बदलणार.

तिला यात नवल वाटलं नव्हतं. तिचे आजोबा हरिबा संध्याकाळी जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी उभे राहून मेंढरं मोजून आत घ्यायचे, आणि त्या वेळी दुसऱ्या कुणी मनातल्या मनातही मोजायचं नाही असा घरचा दंडक होता. कोकरू जन्मलं, आबाला सांगा. मेंढी दगावली, आबाला सांगा. किती आहेत असं कुणी विचारलंच, तर घरातलं प्रत्येक बोट आबाकडं जायचं.

ॲप तयार झालं आणि इंद्रजीतनं ते कंपनीचे मालक गुरुशांत सर यांच्यापुढं स्वतःचं म्हणून ठेवलं. सोनालीनं काय केलं, असं सरांनी विचारलं तर म्हणाला, "बटणांचे रंग." सोनालीनं बाहेर आल्यावर जाब विचारला. चहाच्या टेबलाशी सगळे उभे होते. तो हसत म्हणाला, "अगं, असली मांडणी करणं मेंढरं हाकणाऱ्यांचं काम नव्हे." दोघं-तिघं फिदीफिदी हसले. सोनालीची कानशिलं तापली. याची जिरवली नाही तर हरिबाची नात नव्हे, असं तिनं तिथंच ठरवलं.

संधी आपल्या पायांनी चालत आली. नवी पानं घाईनं जोडायची म्हणून इंद्रजीतनं तिची मांडणी उसकटली आणि प्रत्येक तुकड्याला साठ्याच्या आकड्याची आपापली नक्कल देऊन टाकली. ऑफिसात दाखवताना तो दरवेळी पान ताजं करून घ्यायचा, त्यामुळं सगळं झकास दिसायचं. पान दिवसभर उघडं राहिलं तर पाठवणीच्या तुकड्यातला आकडा उतरत जाणार आणि साठ्याचा तुकडा सकाळचाच आकडा धरून बसणार, हे सोनालीला बघताक्षणी कळलं. तिनं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आपटू दे तोंडावर! त्या दुपारी तिनं डब्यातली कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर इतक्या चवीनं खाल्ली की शेजारणीनं विचारलं, आज काय विशेष?

ॲप कारखान्यात सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत तिथून बोलावणं आलं. गुरुशांत सर, इंद्रजीत आणि सोनाली असे तिघं निघाले. गाडीत सोनालीला हसू आवरत नव्हतं.

गोदामाच्या दारात संगणक होता; पडद्यावर वर साठ्याचा तुकडा, खाली पाठवणीचा. ॲप सकाळी उघडायचं आणि रात्री बंद करायचं, ही तिथली रीत. त्याच्या शेजारी गोदाम सांभाळणारी सुंदरम्मा पदर मुठीत धरून उभी होती. तिचे डोळे सुजले होते.

"वर साठा एवढा दिसतोय, आत गठ्ठे कमी आहेत," कारखान्याचे मालक म्हणाले. "माल गेला कुठं, अम्मा?"

"खालचा आकडा बघा म्हणते मी कवापासनं," सुंदरम्मा म्हणाली. "कोण बघतंय?"

इंद्रजीतनं खाली बघितलंच नाही. "सिस्टीम चुकत नाही साहेब," तो म्हणाला. "माणसं चुकतात."

सोनालीचं हसू मावळलं. सापळा तिनं इंद्रजीतसाठी उघडा ठेवला होता आणि आत सापडली होती ही बाई. तिचा राग दुप्पट झाला.

"सर, एक गठ्ठा पाठवून दाखवा की," ती इंद्रजीतला म्हणाली.

त्यानं बटण दाबलं.

"वरचा आकडा वाचा. मोठ्यानं."

"चारशे."

"आता खालचा."

इंद्रजीतचा हात पान ताजं करायच्या बटणाकडं गेला.

"वाचा की!"

"तीनशे बारा," तो कसाबसा म्हणाला.

"आत्ता नुसता दाखवायला पाठवलेला एक धरून आत तीनशे तेराच गठ्ठे भरतील, मोजून घ्या," सोनाली कारखान्याच्या मालकांना म्हणाली. मग इंद्रजीतकडं वळली. "तुमी ज्याला त्याला मोजायला बसवलंय. आमच्यात मेंढरं मोजणारा एकच असतोय. मेंढरं हाकणाऱ्यांनाबी एवढं कळतंय."

या वेळी कुणी हसलं नाही. इंद्रजीतचा चेहरा पडला, आणि सोनालीनं तो डोळे भरून बघितला.

परतताना गाडीपाशी गुरुशांत सर म्हणाले, "मांडणी मुळात तुझी होती, हे आज कळलं. उद्यापासून ॲपवर तुझं नाव टाकतो."

"नको सर. दुरुस्त मी करते, नाव त्यांचंच राहू द्या. कुणी मोडलं ते लोकांना दिसलं पाहिजे." इंद्रजीत शेजारीच उभा होता. त्याला ऐकू जावं म्हणूनच ती मोठ्यानं बोलली, आणि तिला फार गोड वाटलं.

तेवढ्यात मागून सुंदरम्मा आली. सोनालीला वाटलं, बाई आभार मानायला आली.

"तुला आधीच ठाऊक होतं ना, पोरी?"

खोटं बोलणं सोनालीला जमलं नाही. "व्हय, अम्मा."

"मग आधी सांगायचं होतंस की. काल संध्याकाळी घरी निघताना फाटकापाशी सगळ्यांसमोर माझी पिशवी उलटी करून बघितली त्यांनी."

एवढं बोलून सुंदरम्मा गोदामाकडं परत गेली.