मुरत ठेवलेला दगड

किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. खामगावात दगड तपासायची प्रयोगशाळा काढा आणि दार उघडं ठेवा. ते स्वतःच्या पायांनी येतात, बहुतेक वेळा गोणीत भरून.

मी जर्मनीत दगडातलं युरेनियम आणि रेडियम मोजायला शिकले आणि विज्ञान गावापर्यंत न्यायचं म्हणून परत आले. विज्ञान पोचलं. गावाने त्याला चहा पाजला आणि विचारलं, "सरकारी हाये का?"

पहिला दगड डोणगावहून आला. धुतलेला, तेल लावून चमकवलेला, नव्या टॉवेलात गुंडाळलेला. तेल कशाला लावलं, विचारलं तर आणणारे गृहस्थ दुखावले. "म्याडम, नमुना दाखवाले आणला, तं मळकाच आणू का?"

माझे मदतनीस वसंतभाऊ अर्धं आयुष्य जिनिंगमध्ये कापूस पारखत होते. ते म्हणाले, "बरोबर हाये त्याहीचं. गाडीतला सगळ्यात चांगला कापूसच नमुन्याले काढतेत."

मी दारावर पाटी लावली: 'नमुना निवडून आणू नये.' दुसऱ्याच दिवशी एकाने पाटीखाली उभं राहून विचारलं, "मंग कोणता आणू? खराब?"

मग रोहिणखेडचे नामदेवकाका आले. बाकी सगळ्यांना दगडात काहीतरी निघायला हवं होतं. यांना निघायला नको होतं. त्यांची विहीर अर्ध्यावर असताना वेगळाच दगड लागला. युरेनियम आहे, आता सरकार वावर घेणार, अशी बातमी उठली आणि खोदणारे घरी गेले. उन्हाळा तोंडावर, मिरचीची रोपं वाफ्यात.

"तू फक्त लिहून दे, पोरी. यात काई नाई."

"तपासल्यावर देते, काका."

"तपासजो ना. पण लिहून आजच दे."

त्यांनी पिशवीतून दगड काढला. साधा काळा, धुतलेलासुद्धा नाही. मला भरून आलं. पाटी वाचणारा एक तरी भेटला!

युरेनियमसोबत रेडियम असतंच, आणि ते मोजायचं तर दगडाची पूड डब्यात हवाबंद करून महिनाभर ठेवावी लागते. आत तयार होणारा वायू निसटला, तर मोजणी चुकते. हे मी काकांना मोठ्या भक्तिभावाने समजावलं. वसंतभाऊंनी एका वाक्यात आटपलं: "लोणच्यावानी मुरू द्या लागते."

या वाक्याची किंमत आठव्या दिवशी कळली. वसंतभाऊ डब्याचं झाकण काढून आत बघत होते.

"काय करताय?"

"बुरशी तं नाई आली, पाहून राह्यलो."

महिना पुन्हा पहिल्यापासून. काकांना फोन मीच केला. ते म्हणाले, "रोपाइले तूच सांग थांबाले."

मधल्या काळात एक निवृत्त गुरुजी विचारून गेले, काकांच्या शेजारचं वावर आत्ताच घ्यावं की निकालानंतर. शंका अर्थात निव्वळ वैज्ञानिक होती.

निकाल आला. आपल्याकडच्या काळ्या दगडात असतं तेवढंच, म्हणजे नावापुरतं. मी सही केली. खाली नेहमीची ओळ होती: 'निकाल फक्त आलेल्या नमुन्यापुरता.' ती ओळ कोणी वाचत नाही. काकांनी कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर डकवला, खोदणारे परत आले, विहिरीला पाणी लागलं. रोपं जगली. गावात विज्ञान जिंकलं, असं मी जर्मनीतल्या मैत्रिणीला कळवलंसुद्धा.

विहिरीच्या पूजेला मला आणि वसंतभाऊंना बोलावणं आलं. पहिला तांब्या काकांनी माझ्या हातात दिला. गार, गोड पाणी. अर्धा तांब्या पिऊन मी सहज आत वाकले. विहिरीच्या भिंतीत, अर्ध्यावर, दगडाचा हिरवा पट्टा दिसत होता.

"काका, तुम्ही आणलेला दगड तर काळा होता."

"हाव. तो मारुतीच्या देवळामांगच्या विहिरीचा. सारं गाव तिचंच पाणी पेते."

"मग या विहिरीचा का नाही आणला?"

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अन् त्यात काई निघालं असतं तं?"

मी तांब्या तसाच धरून उभी. वसंतभाऊंनी तो माझ्या हातातून घेतला, उरलेलं पाणी घटाघटा संपवलं आणि मिशा पुसल्या.

"महिनाभर मुरू द्या, म्याडम. मंग मोजजा."