कॅलेंडरशेजारचं कुळवीचं घरटं

आमच्या एग्मोरच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या खिळ्याशेजारी कुळवीनं मातीचं घरटं बांधलं. कुळवी म्हणजे ती बारीक कमरेची माशी. महाराष्ट्रात तिला कुंभारीण म्हणतात, हे मला सुनेनं सांगितलं. ती सोलापूरकडची. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे, त्यामुळे आमच्या मराठीत असे तमिळ शब्द असायचेच. आणि मी मराठी लिहायला शिकले ती पन्नाशीनंतर, माझी मीच.

तर घरात कुळवीनं घर केलं की पाळणा हलणार, असं आमच्याकडे मानतात. शेजारची तमिळ मंडळीही मानतात. ते घरटं कुणी पाडत नाही. रंगारीसुद्धा तेवढी जागा सोडून रंग देतो.

सुनेच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. आणि बघा, तिचा कॉलेजातला अभ्यासच ह्या माश्यांचा! कोणती कुणापासून झाली, याची वंशावळ ती करत होती. त्यात एका माशीची जागा रिकामी होती आणि ती माशी असल्या मातीच्या घरट्यातच मिळते. एका रविवारी तिनं मला विचारलं, आई, हे घरटं काढू का?

मी पोळ्या लाटत होते. मान वर न करता म्हणाले, "हात लावू नकोस. तुझ्यासाठीच आलंय ते."

तिनं हातातली डबी बंद केली. मला वाटलं, ऐकलं हो पोरीनं.

मग ती दुसऱ्यांच्या घरी विचारत फिरली. मैलापूर, तिरुवल्लिक्केणी, कुठे कुठे. रोज रिकामी डबी घेऊन परत. मुलगा ओरगडमच्या कारखान्यातून दमून येई, त्याच्याशीही ती धड बोलेना. शेवटी एका संध्याकाळी मी तिच्यापुढे कॉफी ठेवली आणि म्हटलं, दाखव तरी, काय शोधतेस.

तिनं कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि झाड काढलं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पहिल्या माश्या नुसता पाला खायच्या. मग त्यांच्यातली एक लाकडातल्या अळीवर अंडं घालू लागली. पिल्लू त्या अळीवरच वाढायचं. तिच्या वंशात पुढे कंबर बारीक झाली, अंडं घालायच्या नळीची नांगी झाली. कुणी मातीची घरं बांधू लागल्या. मधमाशी त्याच घराण्यातली, माझ्या साखरेच्या डब्यातली मुंगीसुद्धा! मी थक्क. इतकी वर्षं मी डबा उन्हात ठेवून त्या मुंग्यांना घालवत होते.

मग तिनं घरट्यावरचा एक लहानसा ओबडधोबड ठिपका दाखवला. दुसरी एक माशी तिथून भोक पाडून आपलं अंडं घालून गेली होती आणि भोक लिंपूनही गेली होती. आतलं पिल्लू बहुतेक तिचं, कुळवीचं नव्हे. ह्याच माशीची जागा रिकामी होती.

मी म्हटलं, अगं, मग हे त्याच दिवशी का नाही सांगितलंस?

ती पानाकडे बघत म्हणाली, "सगळ्या घरांत मला हेच सांगितलं, तुझ्यासाठी आलंय म्हणून. त्यांचं काही वाटलं नाही. पण पहिलं घर आपलं होतं, आई."

मी स्टूल ओढलं, उलथनं घेतलं, आणि माझ्याच हातानं ते घरटं अलगद सोडवलं. तिनं स्टूल धरून ठेवलं होतं.

घरटं एका बरणीत ठेवून वर कापड बांधलं. बऱ्याच दिवसांनी त्यातून माशी निघाली, हिरवीनिळी, कांजीवरमच्या जरीसारखी झळाळणारी. सुनेनं पहिली हाक मला मारली. नवऱ्याला नाही, मला. त्या हाकेसाठी मी तिची फार ऋणी आहे.

भिंतीवर मातीचा डाग अजून आहे. कुणी बाई घरी येते, डाग बघते, मग सुनेकडे बघते. तेव्हा मी तिला बसवते, कॉफी देते आणि पाला खाणाऱ्या पहिल्या माशीपासून सुरुवात करते. मुंगीपर्यंत पोचते तोवर ती बाई आपला प्रश्न विसरलेली असते.