खळ्याची चौथी बाजू

माझ्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे बायकोच्या सख्ख्या मामांनी, जिच्यावर लेखी हरकत घेतलेली नाही अशी एखादी गोष्ट या पृथ्वीवर असेल, तर ती अजून त्यांच्या नजरेस पडलेली नाही एवढंच. मामा डोंबिवलीच्या खाडीकाठच्या एका जुन्या आगरी गावचे. गाव महापालिकेत गेलं, टॉवरांनी तीन बाजूंनी वेढलं, पण मामा आजही पत्ता सांगताना आधी गावाचं नाव घेतात आणि मग, नाइलाज म्हणून, शहराचं. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. निवृत्तीनंतर सकाळचा चहा ते जाहीर नोटिशींबरोबर घेतात. खाली 'सूचना व हरकती मागविण्यात येत आहेत' ही ओळ दिसली की त्यांचा चेहरा जो काही खुलतो! "बोलावलाय आपल्याला, मंग नको जायाला?" असं म्हणत ते कार्बन पेपर शोधायला लागतात. आमची लग्नपत्रिकाही सुटली नव्हती. माझी बायको त्यांच्याच घरी वाढलेली, आणि पत्रिकेत तिचा पत्ता नुसता 'डोंबिवली' छापलेला. मामांनी कोपरीला माझ्या वडिलांकडे तीन मुद्द्यांचा अर्ज पोस्टाने धाडला. वडिलांचा जन्म सरकारी कचेरीत गेलेला. त्यांनी त्यावर 'मंजूर' असा शेरा मारून, सही करून तो परत पाठवला. तेव्हापासून दोघांचं असं जमलं की दिवाळीला मामा आमच्याकडे येतात ते माझ्या वडिलांना अर्ज वाचून दाखवायला.

त्यांची धाकटी लेक शिकायला हवाई बेटांवर गेली आणि आमच्या कुटुंबाची शांतता संपली. तिने एकदा फोनवर सहज सांगितलं, की इथल्या प्रत्येक काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाला, स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची घटनाच, असते. ठरावीक वर्षांनी नागरिकांचीच एक समिती बसून तिच्यात काय बदलायचं ते लोकांना विचारते. मूळचे हवाईयन लोकही तिथे येतात, आपण कोणाचे नातू, कुठल्या ओढ्याकाठचे ते सांगतात आणि मग जमिनीविषयी बोलतात. जमिनीच्या हद्दीसाठी जुन्या माणसांची तोंडी साक्षसुद्धा तिथल्या कोर्टांनी मानलेली आहे. मामांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मला तातडीने बोलावलं. मी धावतपळत पोचलो तर म्हणतात, "जावयबापू, तिकरं सनद बदलायला इचारतान, आन् आपलेकरं गटार बदलायला इचारीत नाय!" आठवडाभरात त्यांनी आपल्या महापालिकेसाठी सनदेचा सोळा पानी मसुदा लिहून काढला. महापालिका राज्याच्या कायद्याने चालते, तिला स्वतःची सनद नसते, हे मी सांगून पाहिलं. त्यावर, नाही म्हणूनच तर लिहून देतोय, असं उत्तर मिळालं. पहिलंच कलम होतं: 'कुठलीही जागा रिकामी म्हणून नकाशात दाखवण्याआधी त्या गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारावे.' मसुदा घेऊन आम्ही कल्याणला महापालिकेच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी तो मनापासून चाळला आणि म्हणाल्या, "काका, छान लिहिलंय, पण या विषयाला आमच्याकडे टेबलच नाही."

आणि मग खरोखरच त्या पहिल्या कलमाची वेळ आली. शहराच्या नव्या आराखड्यात गावाचं खळं 'रिकामी जागा' म्हणून दाखवून त्यावर वाहनतळ आखला होता. कधी काळी तिथे भात झोडपायचे. आता भात राहिला नाही, पण गावातलं प्रत्येक लग्न अजून त्याच खळ्यावर लागतं. नावावर कागद कोणाचाच नाही. सगळ्या गावाचं, म्हणून कोणाचंच लिहिलेलं नाही. मामांनी अर्ज केला, सुनावणीची तारीख मिळाली, आणि पुरावा म्हणून ते घेऊन गेले त्यांच्या गावच्या धवलारीण आजीला. आगरी लग्नात देवांना आणि पाहुण्यांना आवतण देणारी धवल्याची गाणी गाते ती धवलारीण. आजीला दिसायचं कमी, पण नाकात नथ आणि तोंडात अख्खं गाव. अधिकाऱ्याने विचारलं, "ही जागा गावाच्या वापरात आहे याला पुरावा काय?" मामा छाती काढून म्हणाले, "साहेब, पुरावा बसलाय. आजी, घे."

आजीने डोळे मिटले आणि सुरू केलं: "खल्याचे उगवतीला चिचेचा झार गो, झाराखाली नवऱ्याचा मामा गो..." चिंच झाली, विहिरीकडचा बांध झाला, मावळतीची गावदेवी झाली. एकेक बाजू, तिथली खूण आणि तिथे बसायचा कोणाचा मान, सगळं गाण्यात. शेजारच्या खोल्यांतली माणसं दारात येऊन उभी राहिली. लिहून घेणाऱ्या बाईंनी एकदाही मान वर केली नाही. मामा तर खुर्चीत मावत नव्हते. तिसरी बाजू संपताच अधिकारी म्हणाले, "याची नोंद घ्या." झालं! मामा उडी मारून उठले, "बास, आजी, बास! नोंद झाली!" आणि आजीला त्यांनी अक्षरशः मिठी मारली. परतताना रिक्षात त्यांनी स्वतःच गायला सुरुवात केली. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

अंतिम आराखडा आला तेव्हा वाहनतळ गेला होता. 'गावाच्या सामाईक वापराची जागा' असं छापून आलं होतं. मामांनी गावभर पेढे वाटले. आजीला मात्र पेढा देता आला नाही. ती महिनाभर आधीच गेली होती.

गेल्या वैशाखात खळ्यावर मामांच्या चुलत नातीचं लग्न लागलं. आजीनंतर धवला म्हणणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून मामांनी रीतसर अर्ज करून सुनावणीच्या नोंदीची शिक्क्याची नक्कल आणली होती. आजीचा आवाज शेवटी तेवढ्याच कागदावर उरला होता. मांडवात उभे राहून, चष्मा सावरत, भसाड्या सुरात ते गायले: चिंच, बांध, गावदेवी. म्हाताऱ्या बायका हसत हसत मागून साथ देत होत्या. मग मामा थांबले. "जावयबापू, पान उलटा," म्हणाले. मी उलटलं. मागे काही नव्हतं. त्यांनी बायकांकडे पाहिलं, त्या म्हणाल्या, "आमी नुसत्या मागून सूर धरायचू रं, पुरं ती सांगायची."

मामांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मग ते खळ्याच्या चौथ्या, खाडीकडच्या बाजूला तोंड करून उभे राहिले. "मीच थांबवली तिला," एवढंच म्हणाले.